घर नंबर २६६

मेम्फिसला येणारा माणूस एल्व्हिस प्रेस्लीचं घर बघतो, बील स्ट्रीटवर दोन तास गाणी ऐकतो, मिसिसिपीच्या काठावर फोटो काढतो आणि परत जातो. माझ्या धाकट्या भावानं माझ्यासाठी तोच बेत आखला होता. तो तिथं मालवाहतुकीच्या एका कंपनीत संगणकाचं काम करतो, अकरा वर्षं झाली. मी म्हटलं, "मला कापूस दाखव."

चहाचा कप हातात धरून तो बघतच राहिला. "काय वं ताई! यवतमाळहून निघाली, तीन विमानं बदलली, अन् तुले पऱ्हाटी पाह्याची हाय?"

पऱ्हाटीच बघायची होती, पण कुठलीही नाही. मागे गावी आला तेव्हा हा एक पुस्तक माझ्याकडे विसरून गेला होता. जॉनी कॅश या अमेरिकी गायकाचं आत्मचरित्र. मी जिल्हा परिषदेच्या शाळेतली मास्तरीण. माझं इंग्रजी शब्दकोशाची काठी टेकत चालतं, आणि त्या गायकाचं नावही मी ऐकलेलं नव्हतं. पण पहिल्याच काही पानांत कापूस निघाला. निंदण, वेचणी, गळ्यात अडकवलेली गोणी, सोलवटलेली बोटं. मग पुस्तक सोडवेना. त्यातल्या एका प्रसंगाशी मात्र मी महिनाभर अडकून बसले. तो जिथं घडला ते गाव मेम्फिसपासून गाडीनं तासाभरावर आहे, हे नकाशात शोधून ठेवलं होतं. डायस. आर्कान्सा राज्य, मिसिसिपी काउंटी. (मिसिसिपी नदी वेगळी, राज्य वेगळं आणि ही काउंटी तिसरीच. पहिल्या दिवशी माझा गोंधळ उडाला, तुमचाही उडेल.)

ऑक्टोबरचा पहिला आठवडा होता. मेम्फिस नदीकाठच्या उंच कड्यावर आहे. पूल ओलांडून आर्कान्सात उतरलं की तो कडा मागं राहतो आणि जमीन पोळपाटासारखी सपाट होते. टेकडी सोडा, उंचवटासुद्धा नाही. जी काय उंची दिसते ती नदीला आवरायला घातलेल्या मातीच्या बांधाची. थोड्या वेळानं दोन्ही अंगांना कापूस सुरू झाला आणि संपेचना. औषध फवारून झाडांची पानं आधीच गाळून टाकलेली, त्यामुळं वावरात नुसत्या काड्या आणि त्यावर पांढरं. मी खिडकीतून ओळी मोजायला लागले आणि सोडून दिलं.

एवढ्या कापसात माणूस नव्हता. एकही नाही. लांबवर एक हिरवं यंत्र चाललं होतं. एका वेळी सहा ओळी गिळत जायचं आणि थोड्या थोड्या वेळानं मागच्या अंगानं गुलाबी प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला, माणसाहून उंच असा कापसाचा गोल गठ्ठा खाली टाकायचं. एकेका गठ्ठ्यात दोन टनांच्या वर कापूस असतो, असं धाकटा म्हणाला. आमच्याकडे एका वेचणाऱ्या बाईची ओटी आठवली आणि मी मनातल्या मनात भागाकार करू लागले. मास्तरणीची खोड.

गाडी थांबवून बांधापाशी उतरले. बोंड हातात घेतलं. चार पाकळ्या, वाळून कडक झालेल्या, टोकं तीच. नखाच्या शेजारी तिथंच टोचली जिथं चाळीस वर्षांपूर्वी टोचायची. ही ओळख काही भावनेची गंमत नाही. आपण आज लावतो तो बहुतेक कापूस मूळचा याच जातीचा, अमेरिकन. देशी वाण मागं पडले. २००२ साली आलेलं बीटी बियाणंही याच देशातल्या कंपनीच्या शोधावर उभं राहिलं. त्याच्याही आधी, १८६१ ते ६५ या काळात इथं उत्तर-दक्षिण यादवी पेटली, इथला कापूस इंग्लंडच्या गिरण्यांपर्यंत पोचेना, तेव्हा गोऱ्या व्यापाऱ्यांची नजर वऱ्हाडाकडे वळली आणि भाव आभाळाला भिडले. लढाई संपली, भाव खाली आले. पण कापसाच्या मागोमाग आगगाडी यायची ती आलीच. खामगावच्या बाजारापर्यंतचा फाटा १८७० साली लॉर्ड मेयोनं उघडला. म्हणजे या वावरात काय घडतं ते आमच्या वावरात पोचतं, ही दीडशे वर्षांची रीत आहे.

डायस हे गाव आपोआप वसलेलं नाही; सरकारनं वसवलं. १९२९ नंतरच्या मंदीत कापसाचे भाव कोसळले, त्याआधी पूर येऊन गेला होता, पाठोपाठ दुष्काळ आला, आर्कान्सातले शेतकरी रस्त्यावर आले. अध्यक्ष रूझवेल्टच्या राजवटीत १९३४ साली इथली सोळा हजार एकर दलदलीची, झाडोऱ्यानं भरलेली जमीन घेऊन पाचशे कुटुंबांसाठी वसाहत आखली गेली. वीस ते चाळीस एकर जमीन, पाच खोल्यांचं नवं घर, गोठा, खेचर. आधी पैसा भरायचा नाही, पिकावर फेडायचं. ज्याच्या डोक्यातून ही योजना निघाली तो डब्ल्यू. आर. डायस १९३६ च्या जानेवारीत विमान अपघातात गेला. गावाला त्याचं नाव राहिलं. त्याच वर्षी अध्यक्षांच्या पत्नी एलिनॉर रूझवेल्ट इथं येऊन गेल्या. आज वस्ती चारशेच्या आत. मधोमध पांढऱ्या खांबांची कचेरी आहे, तिच्यातच संग्रहालय. तिकीट काढलं की छोट्या बसमधून दोन मैलांवरच्या घराकडे नेतात.

घर नंबर २६६. पांढरं, लाकडी, बसकं. चहूबाजूंना वावर आणि मधे हे एकटंच. शेजारची घरं गेली. कुणी पाडली, कुणी जाळली, काही आपोआप बसली. हेही बसायला आलं होतं. इथल्या मातीला 'गंबो' म्हणतात. काळी, चिकट, पावसात फुगते, उन्हात आकसून भेगाळते. आर्कान्सा स्टेट विद्यापीठानं २०११ मध्ये हे घर विकत घेतलं तेव्हा ते एका अंगाला कललेलं होतं. सगळं घर उचललं, खालची गंबो खणून काढली, दुसरी भर घातली आणि घर परत जागेवर ठेवलं. माहिती सांगणारी बाई हे मोठ्या नवलानं सांगत होती. धाकटा माझ्या कानात पुटपुटला, "बाप्पाची ओसरी." आमच्या वडिलांनी बांधलेली ओसरी काळ्या मातीवर अशीच दर पावसाळ्यात बोटभर खचायची आणि दर उन्हाळ्यात ते तिला टेकू लावायचे. आम्ही तिघं भावंडं त्या टेकूशेजारी निजायचो. मी, मधला आणि हा.

मार्च १९३५ मध्ये रे आणि कॅरी कॅश इथं आले, तेव्हा त्यांना पाच मुलं होती. रॉय, लुईझ, जॅक, जे.आर. आणि रीबा. जोअ‍ॅन आणि टॉमी नंतर इथं झाले. जे.आर. म्हणजेच पुढचा जॉनी कॅश. आईबापाचं नावावर एकमत झालं नाही म्हणून नुसती आद्याक्षरंच ठेवली होती. पुढं हवाईदलात भरती होताना आद्याक्षरं चालेनात, तेव्हा 'जॉन' जोडलं. ट्रकमधून अडीचशे मैल येताना तो तीन वर्षांचा होता. नव्या घरात रंगाचे रिकामे डबे पडलेले होते, ते त्याला जन्मभर आठवत राहिले. मला हे फार खरं वाटलं. गरिबाच्या पोराला नव्या घराचं आणखी काय आठवणार! ओसरीचं म्हणाल तर मला तिच्या खिळ्यांची पुडी आठवते.

बैठकीच्या खोलीत पियानो आहे. कॅरी वाजवायची. तिनं लोकांचे कपडे धुऊन पोराच्या गाण्याच्या शिकवणीचे पैसे उभे केले होते. तिसऱ्या शिकवणीला बाईंनीच सांगितलं, याला शिकवू नका, गातो तसंच गाऊ द्या. पुढं मुलांची खोली. खाटा बघितल्या की हिशेब कळतो: नऊ माणसं, पाच खोल्या, त्यांतल्या निजायच्या दोन. रात्री जॅक टेबलाशी बायबल घेऊन बसायचा, जे.आर. रेडिओला कान लावून; आतून बापाचा आवाज आला की रेडिओ बारीक. जॅक दोन वर्षांनी मोठा. त्याला धर्मोपदेशक व्हायचं होतं.

संग्रहालयात कापूस वेचायची गोणी टांगलेली आहे. जाड कॅनव्हासची, खांद्यात अडकवायचा पट्टा, आणि लांबी एवढी की माणूस पुढं गेला तरी गोणी मागं ओळीतून फरफटत येते. मोठ्यांना नऊ फुटी, पोरांना सहा फुटी. धाकट्यानं पट्टा खांद्यावर घेऊन पाहिला, मग पटकन काढून ठेवला. आमच्याकडे ओटी असते. लुगड्याचं जुनं फडकं कमरेला बांधायचं, पोटापुढं झोळी. पोटाला ओझं आणि पाठीला वाक, असा दोन्हीकडून मार. इथं ओझं मागं, मातीवर. मी त्या गोणीकडे बघत उभी होते ते तेवढ्यासाठी: पोरांसाठी वेगळ्या मापाची गोणी शिवली जायची. म्हणजे पोरानं वेचायचं हे गृहीतच होतं, शिवणाऱ्यानंही धरलेलं.

जे.आर. आधी पाणी पोचवणारा होता, मग वेचणारा. रॉय आणि लुईझ तोवर मोठ्यांच्या बरोबरीनं ओळ धरत होते. १९३७ च्या जानेवारीत पूर आला तेव्हा आई आणि लहान मुलं रेल्वेनं मूळ गावी, किंग्जलंडला गेली. घरी राहिले बाप आणि रॉय. पाणी आत येणार हे दिसल्यावर दारं उघडी टाकली, म्हणजे घर वाहून जाणार नाही. लेकरं परतली तेव्हा गोठ्यात साप होते आणि बैठकीतल्या सोफ्यावर कोंबड्यांनी अंडी घातली होती. पुरानं गाळ आणला आणि पुढल्या वर्षी पीक चांगलं आलं. बावीस वर्षांनी त्याच पुरावर जे.आर.नं गाणं केलं. चढत्या पाण्याचं, फुटाफुटानं वाढत जाणारं. रॉयनं त्या दिवसांत काय केलं, एकटा पोरगा बापासोबत पाण्यात कसा राहिला, याबद्दल मला फारसं काही सापडलं नाही. तो पंधरा-सोळा वर्षांचा होता.

आता तो प्रसंग.

मे १९४४, शनिवार. जे.आर. बारा वर्षांचा, जॅक चौदाचा. जे.आर.ला मासे पकडायला जायचं होतं आणि जॅकही यावा असं त्याला वाटत होतं. जॅकला शाळेच्या शेतकी कार्यशाळेत काम मिळालं होतं, गोल करवतीवर कुंपणाचे ओकचे खांब कापायचं. मजुरी मिळणार होती. जे.आर.नं चल म्हणून पुन्हा पुन्हा गळ घातली. जॅक म्हणाला, घराला पैशाची गरज आहे. फाट्यापाशी दोघं वेगळे झाले, एक शाळेकडे, एक पाण्याकडे.

दुपारी गळ खांद्यावर टाकून जे.आर. परत येत होता, तेव्हा समोरून गाडीतून बाप आला. घरी आणून बापानं त्याला मांस धुरवायच्या खोपटात नेलं आणि कागदी पिशवीतून जॅकचे कपडे काढून दाखवले. करवतीनं बरगड्यांपासून खाली जांघेपर्यंत फाडलेले. बापाला रडताना त्यानं पहिल्यांदा पाहिलं. जॅक आठवडाभर जगला. २० मे ला गेला. रविवारी माती दिली. खड्डा खणणाऱ्यांत जे.आर. होता; पायात बूट नव्हता, खिळा रुतून पाय सुजलेला होता, ही धाकट्या बहिणीची, जोअ‍ॅनची आठवण. आणि सोमवारी सगळं घर निंदणाला गेलं. आई ओळीत गुडघ्यांवर बसायची, बाप उठवायला आला की त्याचा हात झिडकारायची, मग आपली आपण उठून पुढची ओळ धरायची.

ज्या पानावर मी अडकले होते ते हे. करवतीपाशी नाही, सोमवारपाशी अडकले होते. मे महिन्यात तणाला थांबवता येत नाही, हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. पाऊस पडून आठ दिवस झाले आणि डवरणी राहिली तर काय होतं ते मी बघितलंय.

मुलांच्या त्या खोलीत उभं राहून मला जी गोष्ट सारखी आठवत होती ती इथं लिहावी की नाही, यावर मी बरेच दिवस घालवले. लिहिते.

मधला माझ्याहून चार वर्षांनी लहान आणि गणितात माझ्याहून हुशार. माझं डी.एड. होऊन मी नुकती नोकरीला लागले होते. तेव्हा आमच्याकडे सरकारची कापूस एकाधिकार खरेदी होती. संकलन केंद्रावर बंड्यांची रांग लागायची; दोन दोन, तीन तीन दिवस नंबर यायचा नाही. बापाला दमा. म्हणून बंडीवर कापसात पुरून मधला झोपायचा, चोरी होऊ नये म्हणून. मी भाकरी घेऊन जायचे. तो कापसातून डोकं वर काढायचा तेव्हा भुवयांपर्यंत पांढरा असायचा. दहावीचा निकाल लागला, बरा लागला. संध्याकाळी माय चुलीपुढं बसून पैसे लावत होती. एवढे दुकानाचे, एवढे धाकट्याच्या शाळेचे, एवढे बियाण्याचे. तेवढ्यात मधला आत येऊन म्हणाला, "मी राह्यतो वावरात." आणि बैलांना पाणी दाखवायला निघून गेला. कुणी त्याला विचारलं नव्हतं. तो बोलल्यावरही कुणी त्याला विचारलं नाही. मी तिथंच बसले होते.

माझा पगार आणि त्याचं वावर, यावर धाकट्याचं इंजिनीअरिंग झालं. हे सांगताना लोक म्हणतात, किती प्रेम भावंडांत! प्रेम असेलच. पण गरीब घरातल्या भावंडांना प्रेमाआधी हिशेब कळतो. एकानं फी भरायची तर दुसऱ्यानं ओळ धरायची, हे सगळ्यात लहान पोरालाही न सांगता समजतं, आणि त्याचं भावंडपण तिथूनच सुरू होतं. मला राग येतो तो त्या गोड फोटोंचा, ज्यांत लहान बहिणीला कडेवर घेतलेला भाऊ असतो आणि खाली कौतुकाची ओळ असते. त्या मुलाचा हात दुखत असतो, हे कुणी लिहीत नाही.

बाहेर आल्यावर मी माहिती सांगणाऱ्या बाईंना लुईझबद्दल विचारलं. दोन वाक्यांत संपलं. रॉयबद्दल त्या जास्त बोलल्या, आणि ते ऐकण्यासारखं होतं. रॉयला गाण्याचं वेड होतं, गावात त्याचा वाद्यवृंद होता. महायुद्ध आलं आणि तो मोडला. पुढं तो मेम्फिसला मोटारीच्या गॅरेजात काम करू लागला. १९५४ मध्ये जे.आर. हवाईदलातून जर्मनीहून परतला तेव्हा रॉयनं त्याची आपल्या गॅरेजातल्या दोन मेकॅनिकांशी गाठ घालून दिली, मार्शल ग्रँट आणि लूथर पर्किन्स. हे तिघं संध्याकाळी बसून वाजवायला लागले आणि वर्षभरात त्यांची पहिली तबकडी निघाली. जगानं जॉनी कॅशचा म्हणून जो आवाज ऐकला, तो ठकठक चालणारा, आगगाडीसारखा, तो त्या गॅरेजातून निघाला. रॉयचं स्वतःचं गाणं मात्र डायसमध्येच राहिलं.

गाडीत बसल्यावर बराच वेळ आम्ही बोललो नाही. लेपँटो मागं पडलं तेव्हा धाकट्यानं विचारलं, "ताई, दादाले कोनी इचारलं होतं का तवा?"

"नाही."

"तू?"

"मीही नाही."

त्यानं रेडिओ लावला, मग बंद केला.

इथं एक गोष्ट सांगायची राहिली. डायसची ती वीस एकर, पाच खोल्या आणि खेचर फक्त गोऱ्यांसाठी होतं. अर्जाची अटच तशी. याच काउंट्यांत, याच कापसात राबणाऱ्या काळ्या कुटुंबांना वसाहतीत जागा नव्हती. त्यांची गोष्ट बघायला आम्ही पुढं टायरोन्झाला गेलो. अर्ध्या तासाचा रस्ता. तिथं एक कपडे धुण्याचं दुकान आणि त्याला लागून पेट्रोलचा पंप होता. दुकान एच. एल. मिचेलचं, पंप क्ले ईस्टचा. आज त्या इमारतीत दक्षिणी खंडकरी शेतकरी संघाचं संग्रहालय आहे. १९३३ मध्ये सरकारनं भाव सावरायला कापसाचं क्षेत्र कमी करायचं ठरवलं आणि त्याची भरपाई मालकांना दिली. मालकांनी पैसे खिशात टाकले आणि ज्यांच्या हातांची आता गरज उरली नव्हती त्या खंडकऱ्यांना घरातून काढलं. १९३४ च्या जुलैत जवळच्या मळ्यातल्या एका शाळेत अठरा माणसं जमली. अकरा गोरी, सात काळी. संघ दोन ठेवायचे की एकच, हा पहिला प्रश्न. आयझॅक शॉ नावाचा वयस्क काळा शेतकरी उठला. त्याच्या पाठीशी १९१९ चा एलेन गावचा अनुभव होता. तिथं संघटना बांधणाऱ्या काळ्या खंडकऱ्यांची कत्तल झाली होती. आपण एकाच साखळीत आहोत, संघही एकच हवा, असं त्यानं सांगितलं. एकच झाला. त्या काळच्या दक्षिणेत ही साधी गोष्ट नव्हती. सभासदांना मारहाण झाली, घरांवर गोळ्या झाडल्या गेल्या.

ज्योतिराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या त्या सज्जनांना अर्पण केली ज्यांनी गुलामांना मोकळं केलं. मी मुलांना ते दरवर्षी सांगते. टायरोन्झाच्या त्या खोलीत उभी राहिले तेव्हा वाटलं, अर्पणपत्रिकेच्या साठ वर्षांनंतरचा हा धडा आमच्या पुस्तकात यायला हवा होता. मोकळं झालेल्यांच्या नातवंडांना वीस एकरांच्या यादीतून गोऱ्या गरिबांनीच नव्हे, सरकारनं वगळलं. आणि तरी त्यांतलीच सात माणसं अकरा गोऱ्यांशेजारी बाकावर बसली.

संग्रहालयातल्या फोटोंत बेदखल कुटुंबं रस्त्याच्या कडेला बसलेली आहेत. सामान, खाट, कोंबड्यांचा पिंजरा. बहुतेक फोटोंत एक मुलगी असते, दहा-बारा वर्षांची, कडेवर धाकटं भावंड. मगाशी म्हटलं ना, त्या फोटोंचा मला राग येतो. इथं खाली कौतुकाची ओळ नव्हती. नुसतं गावाचं नाव आणि साल.

आणखी एक. जॅक गेला त्याच १९४४ मध्ये, इथून दक्षिणेला मिसिसिपी राज्यात, क्लार्क्सडेलजवळच्या हॉप्सन मळ्यात पेरणीपासून वेचणीपर्यंत सगळं यंत्रानं करून कापूस घेऊन दाखवला गेला. पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत सहा फुटी गोण्या भिंतीवर टांगायच्या वस्तू झाल्या. गावं ओस पडली. काळी माणसं शिकागोला, डेट्रॉइटला गेली, गोरीही गेली. जे.आर. स्वतः १९५० मध्ये शाळा संपल्यावर मिशिगनमधल्या मोटारींच्या कारखान्यात काही दिवस राबून आला होता. म्हणून वाटेत तेवढ्या कापसात माणूस दिसला नव्हता.

रात्री मधल्याला व्हिडिओवर फोन लावला. तिकडे सकाळ होती, तो बैलांना वैरण टाकत होता. मी गठ्ठ्यांचे फोटो दाखवले.

"एकरी कितीक पडते?" त्यानं विचारलं. मग "फवारा कोनाचा?" मग "पानी देते का वरचंच?" धाकट्यानं जमेल तशी उत्तरं दिली. फवाऱ्याचं ऐकताना तो डोळे चोळत होता. २०१७ मध्ये आमच्या जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, त्या हंगामात हाही चार दिवस दवाखान्यात होता. दिसतं, पण उन्हात डोळ्यांना पाणी येतं. तेव्हा धाकट्यानं पाठवलेले पैसे त्यानं वहीत उसने म्हणून लिहून ठेवले आहेत. वही मी पाहिलेली आहे. 'धाकट्याकडून' असं लिहून पुढं रक्कम आणि तारीख. एवढ्या वर्षांत तीन हप्ते वळते केलेत, धाकट्यानं नको नको म्हणत असताना.

धाकटा एकदम म्हणाला, "दादा, तुले शिकाचं होतं का रे?"

मधल्यानं वैरणीची पेंढी खाली ठेवली. फोन बहुधा गव्हाणीवर टेकवलेला होता. थोडा वेळ नुसतं बैलाचं शिंग दिसलं.

"कापूस फुटला इकडं," तो म्हणाला. "वेचनीले बाया भेटत नाहीत. ताई, तू कवा येतं?"

मी सतराला नागपुरात उतरले. वीस तारखेला वावरात वेचणीच्या मुहूर्ताची सीतादही घातली आणि ओटी बांधली. माझा दिवसाचा कापूस चौदा किलो भरला. मधल्यानं तो वहीत माझ्या नावानं लिहिला, पुढं भाव टाकला, आणि संध्याकाळी पैसे हातावर ठेवले.